आपला हुतूतू आणि जगाची कबड्डी

मंडळी, क्रिकेटवर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यात माझी आणखी एक भर कशाला? म्हणून आज जरा वेगळ्या संघाबद्दल लिहितो. गेली तीस-पस्तीस वर्षे मी ज्या एका राष्ट्रीय संघाच्या मागे मनाने हिंडलो, तो म्हणजे भारताचा कबड्डी संघ. ‘मनाने’ म्हणायचे कारण इतकेच की शिक्रापूर सोडून एकही आंतरराष्ट्रीय सामना पाहायला मी कुठे गेलेलो नाही. आधी आकाशवाणीच्या बातम्या, मग वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळी, मग दूरदर्शन आणि आता नातवाचा मोबाईल. एवढाच माझा प्रवास.

आमचा एक भाचा नेहमी म्हणतो, “मामा, कबड्डीत आपण जिंकणारच. त्यात बघायचे काय?” प्रश्न बरोबर आहे. पण त्याचे उत्तर फोनवर देता येत नाही, त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो.

आमच्या लहानपणी खेळाचे नाव हुतूतू होते. बंगालकडे हाडुडू, तमिळनाडूत चेडुगुडू. खेळ एकच, पण दर दहा कोसांवर नियम निराळे. आपल्याकडे तीन प्रकार होते: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन परत आत येई. गामिनीत एकदा बाद झाला तो सगळा डाव संपेपर्यंत बाहेरच. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजत. या सगळ्या गोंधळाला शिस्त लावायचे काम महाराष्ट्रातल्या मंडळींनी केले. १९१८ च्या सुमारास साताऱ्यात खेळाला काही एक ठरीव रूप दिले गेले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले आणि अखिल भारतीय स्पर्धाही भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने परदेशी लोकांसमोर या खेळाचे प्रात्यक्षिक केले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला. त्या नियमांत संजीवनी टिकली, बाकीचे दोन प्रकार मागे पडले. आज टीव्हीवर गडी बाद होऊन परत येताना दिसतो ती हीच संजीवनी.

पुढे हा खेळ देशाबाहेर नेण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातले त्यांत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. महाराष्ट्रात १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळतात. शाळेत असताना मी त्या दिवशी मुलांना एक प्रश्न मुद्दाम विचारत असे: खेळायला समोर कोणी नसेल तर उत्तम खेळाडूने काय करावे? मुले नाना उत्तरे देत. माझे उत्तर असे, की त्याने आधी समोरचा संघ तयार करावा.

बुवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. १९७४ साली आपला संघ बांगलादेशात गेला. देश स्वतंत्र होऊन पुरती तीन वर्षे झाली नव्हती. तिथे पाच कसोटी सामने झाले. कबड्डीचे कसोटी सामने, हे आजच्या मुलांना सांगितले तर हसतील! १९७९ साली बांगलादेशचा संघ आपल्याकडे आला. त्याच वर्षी प्रा. सुंदर राम दोन महिने जपानात राहून तिथल्या लोकांना हा खेळ शिकवून आले. १९८० साली पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारत पहिला, बांगलादेश दुसरा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी दाखवली गेली, पण पदकासाठी नव्हे, नुसते प्रात्यक्षिक म्हणून. पंगतीत बसवले पण पान वाढले नाही, असा तो प्रकार.

पान वाढले ते १९९० साली बीजिंगला. आणि गंमत पाहा, त्या एशियाडमध्ये साऱ्या भारतीय पथकाला मिळून एकच सुवर्णपदक मिळाले, ते कबड्डीचे! हॉकीत, कुस्तीत, धावण्यात कुठेच सोने नाही. लंगोट लावून मातीत खेळायचा खेळ म्हणून ज्याला शहरातले लोक नाक मुरडत, त्याने देशाची लाज राखली. ती बातमी ऐकली त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या मैदानावर फक्की मारायला मुले सांगावी लागली नाहीत, स्वतःहून आली. माझा या संघाशी खरा जीव जडला तो तेव्हापासून.

त्यानंतर १९९४, १९९८, २००२, २००६, २०१०, २०१४... प्रत्येक एशियाडला सुवर्ण. ओळीने सात. २०१० साली ग्वांगझूला महिलांची कबड्डी पहिल्यांदा आली आणि आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात थायलंडला २८-१४ असे हरवले. भाच्याचे ‘जिंकणारच’ आले ते इथून.

पण नीट पाहणाऱ्याला गुणफलकात दुसरे काही दिसत होते. पुरुषांच्या अंतिम सामन्यात २०१० साली आपण इराणला ३७-२० असे सहज हरवले. चारच वर्षांनी इंचॉनला त्याच इराणविरुद्ध गुण होते २७-२५. सतरा गुणांचा फरक दोनवर आला. २०१६ साली अहमदाबादच्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ३४-३२ असे हरवले. पुढे अनुप कुमारच्या संघाने अंतिम फेरीत इराणवर ३८-२९ असा विजय मिळवला म्हणून कोरियाची गोष्ट लोक विसरले. मी विसरलो नव्हतो. शिक्षकाची सवय अशी की पास झालेल्या मुलाचीही उत्तरपत्रिका पाहायची.

मग आले २०१८ चे जकार्ता. गटातच कोरियाने २४-२३ असे एका गुणाने हरवले. २३ ऑगस्टला उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे नमवले. अठ्ठावीस वर्षांची परंपरा चाळीस मिनिटांत संपली. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना, पुन्हा इराण, आणि पुन्हा हार: २७-२४. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे होत्या. घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण मी तरी बोललो नाही.

आणि तेव्हाच वर्तमानपत्रात वाचले, की इराणच्या त्या मुलींची प्रशिक्षक आपल्या नाशिकची आहे. शैलजा जैन.

या बाईंनी कितीतरी वर्षे नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवली होती. भारताच्या संघाला शिकवावे ही त्यांची इच्छा होती, ती संधी मिळाली नाही. इराणने बोलावले, त्या गेल्या. परका देश, परकी भाषा. कामापुरती फारसी शिकल्या, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला, आणि दीड-दोन वर्षांत त्यांना सुवर्णपदकापर्यंत नेले. तेही भारताला हरवून.

त्यावेळी आमच्या चौकात, म्हणजे पुणे-नगर रस्त्याला चाकणचा रस्ता मिळतो तिथे चहाच्या टपरीवर, बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, हा देशद्रोह आहे. दुसरा म्हणाला, चूक आपलीच, घरची कोंबडी डाळीबरोबर. मी गप्प ऐकत होतो. मला दोन्ही पटत नव्हते. मास्तराने ज्ञान देताना गाव विचारायचे नसते. आमच्या शाळेतून बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याने शेजारच्या शाळेचा संघ असा तयार केला की आम्ही त्यांच्याकडून लागोपाठ तीन वर्षे हरलो. वाईट वाटले. पण तालुक्याचा खेळ सुधारला तो त्या तीन वर्षांतच.

आणि दुसरी गोष्ट. बुवा साळवी, सुंदर राम ही माणसे बाहेर गेली ती कशासाठी? सगळ्या जगाने हा खेळ खेळावा आणि आपण कायम जिंकावे, या दोन इच्छा एकत्र नांदू शकत नाहीत. हॉकीत आपण हे भोगले आहे. तिथे आपण रडत बसलो. कबड्डीत मात्र, निदान मला तरी, जकार्ताच्या पराभवात त्या जुन्या मंडळींच्या कष्टाचे फळ दिसले. फळ कडू होते हे खरे.

पाच वर्षांनी हांगझोऊला (करोनामुळे २०२२ चे एशियाड २०२३ मध्ये झाले) संजीवनी मिळाली. ७ ऑक्टोबर २०२३. सकाळी आपल्या मुलींसमोर चायनीज तैपेई. गटात याच संघाशी ३४-३४ अशी बरोबरी झाली होती. अंतिम सामना २६-२५. एका गुणाने! ते भारताचे त्या स्पर्धेतले शंभरावे पदक ठरले. संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. त्याच दिवशी पुरुषांचा इराणशी सामना. २८-२८ अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटातल्या एका चढाईवरून वाद झाला, पंचांचे निर्णय फिरले, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, बराच वेळ खेळ थांबला. अखेर ३३-२९. जिंकलो, पण असे जिंकलो की भाच्याचाच फोन आला, “मामा, छातीत धडधडतंय!” म्हटले, आता कळले बघायचे काय ते?

आता थोडे आपल्या घरचे. ज्या महाराष्ट्राने नियम घडवले, त्याचे किती खेळाडू भारताच्या पुरुष संघात असतात? जकार्ताच्या बारा जणांत गिरीश इर्नाक आणि रिशांक देवाडिगा. हांगझोऊला नगर जिल्ह्यातला (आताचा अहिल्यानगर) अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे. दोन-दोनच. बाकी भरणा हरियाणा आणि उत्तरेचा. यात हरियाणाचा काही दोष नाही. तिथल्या गावांनी खेळ नोकरीसारखा धरला. आपल्याकडे गुणवत्ता नाही असेही नाही. याच अस्लमच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये हरियाणाच्याच संघाला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डी जिंकली.

मला अडचण दिसते ती मातीत आणि मॅटमध्ये. आमची मुले माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून अनवाणी खेळत मोठी होतात. आंतरराष्ट्रीय सामना होतो मॅटवर, पायात बूट घालून. मातीत घसरत जाऊन घोट्याला हात घालायची सवय मॅटवर उपयोगी पडत नाही. तिथे पाय चिकटतो, वेग वाढतो, गुडघे दुखावतात. खेड्यातल्या शाळेला मॅट परवडत नाही. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात एवढे कारखाने आले, पण मुलाला मॅटवर सराव करायचा तर आजही पुण्याची एसटी धरावी लागते. मुलाला पाठवतात तरी, मुलीला कोण पाठवणार?

मुलींवरून सांगतो. मार्च २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपण इराणला २५-१९ असे हरवले. संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये जाहीर केले. त्यापूर्वी माझ्या शाळेतल्या कितीतरी चपळ मुली दहावीनंतर संसाराला लागल्या. खेळ सुटला तो सुटलाच. कोटीची बातमी आली तेव्हा एक वडील माझ्या घरी आले. त्यांच्या थोरलीचे दोन वर्षांपूर्वी लग्न झाले होते, पकड अशी घट्ट की मुलेही तिच्या अंगणात जायला बिचकत. ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, धाकटीला खेळू द्या. किती उशीर झाला तरी मी घ्यायला येतो.” धाकटी जिल्ह्यापर्यंत खेळली, पुढे नाही. पण पोलिसात लागली आणि आज स्वतःच्या पायावर उभी आहे. पैशाने माणूस बिघडतो असे आपण म्हणतो, कधी कधी सुधारतोही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला महिलांचा दुसरा विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला ३५-२८ असे हरवून तो राखला. एक्कावन्न वर्षांपूर्वी आपला संघ कसोटी खेळायला गेला तो हाच देश. तेव्हा समोर एकच संघ होता, आता अकरा संघ आले होते. बुवा असते तर त्यांनी जिंकल्याचा आनंद आधी मानला असता की अकरा संघांचा? मला वाटते, अकरांचा.

असो. लेख जरा लांबलाच. तुमच्या गावात कबड्डीला काय म्हणत, आणि मुली खेळत होत्या का, हे मला जरूर कळवा. आमच्या सौ.च्या माहेरी म्हणे लग्नानंतरही वटपौर्णिमेच्या संध्याकाळी बायका परसात हुतूतू खेळत. नऊवारीचा काष्टा मारून! ते नियम मात्र कुणी छापून ठेवले नाहीत.