औंढे
पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील एक लहान गाव. ते लोणावळ्याच्या आग्नेयेस मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगत वसले असून औंढोली, देवले व कुसगाव ही शेजारची गावे आहेत. पूर्वेस लोहगड व विसापूर हे किल्ले आहेत. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ आणि पट्टा किल्ल्याशेजारचा औंढा ही ठिकाणे वेगळी. मावळाबाहेर औंढ्याचे नाव कानावर येते ते बहुधा द्रुतगती मार्गावरील अपघातांच्या बातम्यांतून, ‘औंढे पुलाजवळ’ असे.

मुंबई व पुणे यांमधील अंतर नकाशावर थोडे पण प्रवासात बरेच का, हे कोडे या परिसरातून चांगले उलगडते. जवळचे मोठे रेल्वेस्थानक लोणावळा. ते लोहमार्गाने पुण्यापासून ६४ किमी, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून १२८ किमी आहे. सरळ रेषेत मोजल्यास मात्र पुणे सुमारे ५५ किमी आणि मुंबई सुमारे ६५ किमी भरते. म्हणजे पुण्याकडे वळसा थोडा, मुंबईकडे अंतर जवळजवळ दुप्पट. ठाण्याची खाडी टाळण्यासाठी गाडी आधी ईशान्येस कल्याण गाठते, तेथून आग्नेयेस कर्जतला येते व मग बोरघाट चढते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या घाटात लोहमार्ग साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठतो. सर्वांत तीव्र चढ ३७ स एक आहे. चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन ही गाडी आजही मुंबई–पुणे या १९२ किमीच्या पूर्ण प्रवासास तीन तासांहून अधिक वेळ घेते.

कळंबोली ते किवळे हा ९४.५ किमीचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. रेल्वेचा कल्याणमार्गे वळसा रस्त्याला नडत नसल्याने रस्त्याचे अंतर रेल्वेपेक्षा बरेच कमी आहे. उरतो तो घाट. खोपोली–कुसगाव ही नवी जोडणी त्यासाठीच आखली गेली. तिने अंतर सुमारे ६ किमी कमी होते.

मुंबई व लोहगाव (पुणे) या विमानतळांतील सरळ अंतर सुमारे १२४ किमी असून ती रेषा लोणावळ्याच्या थोड्या उत्तरेकडून जाते. प्रत्यक्ष हवेतील वेळ साधारण अर्धा तास. वेळापत्रकात मात्र जमिनीवरची हालचाल धरून तासाभराचा अवधी दाखवतात. जेट विमानाला नेहमीची उंची गाठण्याआधीच उतरणी धरावी लागते. विमानतळावर लागणारा वेळ जमेस धरला, तर रस्त्यापेक्षा फारसे काही वाचत नाही. अंतर थोडे म्हणून धोका थोडा असेही नाही: ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस जाणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळून त्यातील सर्व ४५ जण मृत्युमुखी पडले.

औंढ्याहून लोहगाव विमानतळ सरळ रेषेत सुमारे ५५ किमी व मुंबईचा सुमारे ७० किमी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ सुमारे ५० किमी, म्हणजे लोहगावपेक्षा किंचित जवळ भरतो. पण तेथे जाताना घाट उतरावा लागतो, आणि पावसाळ्यात धुके व दरडी यांमुळे त्याला लागणारा वेळ आगाऊ सांगता येत नाही.