पिंप : द्राक्षमळ्यापासून दुष्काळापर्यंत

युरोप पाहण्याची एक निराळी रीत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये बाजूला ठेवून आठ-दहा जणांच्या लहानशा गटाने खेड्यापाड्यांतून फिरायचे, तिथले अन्न तिथल्याच घरी जेवायचे, तिथले मद्य ज्या मळ्यात पिकले त्या मळ्यात बसून चाखायचे. पोर्तुगालचा ग्रामीण प्रदेश अशा सहलींसाठी आज विशेष नावाजलेला आहे. उत्तरेकडे दोरू नदीच्या दोन्ही काठांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले द्राक्षमळे, त्यांच्या पलीकडे डोंगराआडचा त्राझ-उश-मोंतेश प्रांत, आणि दक्षिणेला गहू, ऑलिव्ह व ज्यांच्या सालीपासून बूच काढतात त्या ओकवृक्षांचा सपाट आलेंतेझु प्रांत, असा साधारणपणे या सहलींचा मार्ग असतो.

लातूरसारख्या ठिकाणी मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी या मार्गाकडे कशासाठी पाहावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या सहलीत पाहुण्यांपुढे जे जे वाढले जाते त्यातील बऱ्याच गोष्टींचा पत्ता आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या शब्दकोशात सापडतो. मात्र सहलीत जी गोष्ट केवळ चव म्हणून समोर येते, ती इतिहासात तेवढीच नव्हती. ती कधी राज्यसत्तेची हद्द होती, तर कधी माणसाच्या धर्माविरुद्धचा पुरावा. भाषेने त्या वस्तू आणि त्यांची नावे उचलली, पण त्यांच्यामागची हकिगत मात्र मागेच राहिली. ती हकिगत थोडी जुळवून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. मूळचे गोव्याचे असलेले भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. पाव, बटाटा, कोबी, अननस, पपई, काजू ही खाद्यवस्तूंची नावे आणि चावी, साबण, बादली, पगार हे घरगुती शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच रांगेत काहीसा दुर्लक्षित राहिलेला एक शब्द आहे : पिंप. पोर्तुगीज भाषेत ‘पिपा’ म्हणजे लाकडी फळ्यांचे, लोखंडी कड्यांनी आवळलेले, पोटाशी फुगीर असे मद्याचे भांडे. हिंदीत त्याचे ‘पीपा’ झाले, मराठीत अनुनासिक मिळून ‘पिंप’ झाले.

हे पिंप आपल्या मूळ गावी काय करीत होते, ते पाहण्यासारखे आहे. दोरूच्या खोऱ्यात सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षांची तोडणी होते. परंपरेनुसार ती द्राक्षे दगडी हौदांत टाकून, माणसे रांगेने खांद्याला खांदा लावून पायांनी तुडवीत. रस आंबू लागला, की त्यातील साखर पूर्णपणे संपण्याआधीच द्राक्षांपासून काढलेली कडक दारू त्यात मिसळतात. त्यामुळे आंबणे थांबते, गोडी टिकते आणि मद्य जोरकसही होते. हेच जगप्रसिद्ध पोर्ट मद्य. ही पिंपे ‘राबेलु’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांत रचून नदीवाटे पोर्तुसमोरच्या गोदामांपर्यंत नेली जात. दोरूच्या खोऱ्यात ‘पिपा’ हे आजही मापाचे नाव आहे. एक पिपा म्हणजे ५५० लिटर.

या मद्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते इंग्लंडमध्ये. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज मद्याला इंग्लंडात फ्रेंच मद्यापेक्षा कमी जकात लागू झाली. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. तेव्हा पोर्तुगालचा सर्वसत्ताधारी मंत्री, पुढे मार्केस द पोंबाल या नावाने ओळखला गेलेला, याने १७५६ साली एक सरकारी कंपनी स्थापन केली आणि अस्सल मद्य कोणत्या जमिनीतले, हे ठरवून त्या प्रदेशाची हद्द आखली. हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब उभे राहिले. मद्याला रंग आणण्यासाठी ज्या झुडपाची फळे वापरली जात, ती झुडपे उपटून टाकण्याचे हुकूम सुटले. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तु शहरातील लोकांनी दंगा केला, तेव्हा अनेकांना फाशी देण्यात आले. २००१ साली युनेस्कोने या द्राक्षभूमीचा जागतिक वारशात समावेश केला. पाहुण्यांना दाखवले जाणारे ते खांब देखणे आहेत यात शंका नाही. परंतु चवीची हद्द आखणारा हात राज्यसत्तेचा होता, हे त्यांच्यावरील कोरीव अक्षरे वाचताना विसरता येत नाही.

दोरूच्या पलीकडे, त्राझ-उश-मोंतेशमध्ये ‘अल्येइरा’ नावाचा एक पदार्थ वाढतात. आतड्याच्या आवरणात पाव, लसूण आणि कोंबडीसारखे मांस भरून, धुरावर टांगून तो सिद्ध करतात. १४९७ साली पोर्तुगालमधील ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले आणि १५३६ पासून तेथे धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. ज्याच्या घरात डुकराच्या मांसाचे सॉसेज टांगलेले नाही तो मनातून ज्यूच आहे, असा संशय येई. म्हणून या लोकांनी डुकराच्या मांसाविना, पण दिसायला अगदी तसेच सॉसेज बनवून ते चुलीवर टांगले, अशी या पदार्थाची जन्मकथा सांगितली जाते. ही कथा लोकपरंपरेची आहे आणि तिच्या तपशिलांविषयी इतिहासकार साशंक आहेत. पण चुलीवर काय टांगले आहे यावरून माणसाचा जीव पणाला लागत होता, ही त्या कथेतील गोष्ट मात्र कल्पित नाही.

तिची साक्ष थेट आपल्या किनाऱ्यावर मिळते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला. धर्मांतरित ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या विद्वानाचे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून जाणे-येणे होते. मुंबई बेटही त्याच्याकडे काही काळ भाडेपट्ट्याने होते. भारतातील औषधी व खाद्य वनस्पतींविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आपल्या आंब्या-फणसाकडे, मिऱ्या-दालचिनीकडे इतक्या कुतूहलाने पाहणारा दुसरा युरोपीय लेखक त्या काळात क्वचितच आढळेल. १५६८ मध्ये तो मरण पावला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता, हा आरोप.

गोव्यातील हे न्यायालय १५६० पासून चालू होते. अ. का. प्रियोळकरांनी ‘द गोवा इन्क्विझिशन’ या १९६१ च्या ग्रंथात त्याची जी कागदपत्रे उजेडात आणली, त्यांत १७३६ चे एक फर्मान आहे. नवख्रिस्ती लोकांनी पाळू नयेत अशा हिंदू चालीरीतींची ती लांबलचक यादी आहे. दारी तुळस लावू नये, हे त्यात आहेच. पण मीठ न घालता भात शिजवू नये, हेही त्यात आहे. हिंदू लोक भात अळणी शिजवून मागाहून मीठ घेतात, म्हणून तसा भात हा गुन्हा! धर्म बदलला तरी जिभेने जुनी सवय जपली असेल, तर ती सवयच माणसाविरुद्ध साक्ष देणार, असा हा न्याय होता. दुसऱ्या बाजूला वसईकडे आणि गोव्यात विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांतील प्रत्येक घटना जशीच्या तशी घडली की नाही, हा मुद्दा वेगळा. पावाचा एक तुकडा माणसाला जातीबाहेर ढकलण्यास पुरेसा आहे, असे इथला समाजही मानत होता, हे त्या कथांतून उघड होते. भात आणि पाव, दोहोंनाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले.

भाषेच्या नशिबीही हेच आले. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेव्हा मराठी ओवी ही ख्रिस्तकथेची वाहक होती. त्यानंतर सत्तर वर्षे उलटण्याच्या आतच, १६८४ मध्ये, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने लोकांनी आपली बोली तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. जीभ या एकाच अवयवाने माणूस बोलतो आणि चाखतोही. सत्तेचे लक्ष दोन्हींवर होते. योगायोग असा की, १७७४ मध्ये गोव्याचे धर्मन्यायालय बंद करवणारा मंत्री तोच होता, ज्याने दोरूच्या काठी खांब रोवले. पोंबाल १७७७ मध्ये सत्तेवरून गेला आणि १७७८ मध्ये ते न्यायालय पुन्हा उघडले. कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये.

या हुकूमशाहीला स्वयंपाकघराने दिलेले उत्तर मात्र फार शांत आहे. पोर्तुगीजांत मांस मद्यात आणि लसणीत मुरवून शिजवण्याची रीत होती. ‘व्हिन्य द आल्युश’ या तिच्या नावात द्राक्षमद्य आणि लसूण दोन्ही आहेत. गोव्यात द्राक्षे नव्हती. तेव्हा द्राक्षमद्याच्या जागी माडाच्या सुरेचा शिर्का आला, त्यात मसाले आणि मिरची पडली आणि ‘विंदालु’ जन्माला आला. नावातील ‘आलु’चा बटाट्याशी संबंध नाही, तो मूळच्या लसणीचा अवशेष आहे. पावाचेही तसेच. यीस्टऐवजी गोव्याच्या पदेरांनी पीठ आंबवण्यासाठी सूर वापरली. ब्राझीलहून आलेल्या काजूच्या बोंडापासून गोव्याने फेणी काढली. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे दोरूप्रमाणे तिचीही हद्द आखली गेली. उलट दिशेची वाहतूकही थांबली नव्हती. पोर्तुगीज भाषेत आंब्याला ‘मांगा’ आणि रश्शाला ‘कारिल’ हे शब्द भारतातूनच गेले. आज पोर्तुगालच्या साध्या कॅफेतही मिळणारी ‘शामुसा’ म्हणजे आपला सामोसा. गोवा आणि मोझांबिक या वाटांनी तो तिथे पोहोचला आहे.

आता किनारा सोडून घाट चढून वर येऊ. मराठवाड्यात पोर्तुगीजांची सत्ता कधी नव्हती. पण त्यांच्या गलबतांतून उतरलेली पिके मात्र पठारावर खोलवर रुजली. ज्वारीची भाकरी आपली, पण तिच्यावरचा ठेचा अमेरिका खंडातील मिरचीचा. मिरचीने तर येताना परके नावही ठेवले नाही. आपल्या जुन्या मिऱ्याचेच नाव तिने उचलले. याहून विलक्षण उदाहरण एकादशीच्या ताटाचे आहे. साबुदाण्याची खिचडी घ्या. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथला, मिरचीही तिकडचीच. सोबत उकडलेले रताळे असेल तर तेही. जुन्या धर्मग्रंथांना ठाऊक नसलेली ही पिके ‘धान्य’ ठरली नाहीत, म्हणून उपासाला चालली, असे म्हणावेसे वाटते. ज्यांनी अळणी भातावरून माणसांवर खटले भरले, त्यांच्याच गलबतांतून आलेले अन्न आपल्या व्रताचे अन्न झाले. याला विजय म्हणावे की विस्मरण? बहुधा दोन्ही.

हा विनिमय पोर्तुगीजांपासूनच सुरू झाला असेही नाही. आलेंतेझु प्रांतात अजूनही ‘ताल्या’ म्हणजे मोठ्या मातीच्या रांजणात मद्य आंबवण्याची रोमन काळापासूनची रीत टिकून आहे. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, ते रांजण उघडतात. त्याच रोमन काळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात भडोच बंदरात इटलीचे मद्य उतरत असल्याची नोंद आहे, आणि त्याच बंदराकडे आपला माल पाठवणाऱ्या ‘तगर’ नगरीचीही नोंद आहे. तगर म्हणजे लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. द्राक्षमद्याच्या व्यापाराच्या नकाशावर आपला हा कोरडा मुलूख दोन हजार वर्षांपूर्वीच होता.

शेवटी पुन्हा पिंपाकडे येऊ. मराठीत येता येता या शब्दातून मद्य गळून गेले. लाकडाच्या जागी पत्रा आला, पत्र्याच्या जागी प्लास्टिक. त्यात रॉकेल राहिले, धान्य राहिले आणि सर्वांत अधिक काळ पाणी राहिले. आमच्याकडे त्याला टिपाड म्हणतात, ड्रमही म्हणतात. पण छापील मराठीत तो शब्द पिंप हाच. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून लातूरमध्ये जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि पाणी ५ लाख लिटर. दोरूच्या मापाने ते हजार पिपांनाही भरत नाही, आणि तेवढ्यासाठी एक शहर वाट पाहत होते. दारोदारी रांगेने लागलेल्या त्या निळ्या पिंपांच्या नावात दूरच्या एका नदीकाठचे द्राक्षमळे होते, याची आठवण कोणाला असण्याचे कारण नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ती असावी. व्युत्पत्ती हा प्रश्नपत्रिकेत दोन गुणांचा विषय म्हणून आपण शिकवतो आणि ‘पाव, बटाटा, चावी’ अशी यादी फळ्यावर लिहून पुढे जातो. त्या यादीतील प्रत्येक शब्दापुढे खरे तर तीन प्रश्न लिहायला हवेत : तो कोणाच्या गलबतातून आला, त्याच्यापायी कोणाला शिक्षा झाली, आणि आज तो कोणाच्या घरी, काय भरून उभा आहे. पोर्तुगालच्या सहलीला जाणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल; हे तीन प्रश्न वर्गात विचारणे प्रत्येकाला जमण्याजोगे आहे.