४२९ चं कूळ

फॉर्मवरचं बटण दाबावं आणि पावतीऐवजी पडद्यावर चौकोन यावा: ‘रन-टाइम एरर ४२९’. खाली इंग्रजीत एकच ओळ. तिचा भावार्थ असा, की ॲक्टिव्ह-एक्स कम्पोनन्टला ऑब्जेक्ट तयार करता आला नाही. कुठला कम्पोनन्ट, कसला ऑब्जेक्ट, का नाही, यावर चकार शब्द नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये स्टॉक, बिलं, सभासदांची यादी ठेवणाऱ्यांना हा चौकोन चांगला ओळखीचा. तो आला की पहिला संशय फाइल करप्ट झाल्याचा, दुसरा व्हायरसचा, आणि संध्याकाळ व्हायच्या आत कुणीतरी अख्खं ऑफिस काढून पुन्हा टाकायला बसतं.

कम्पोनन्ट बिचारा बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी असतो. बिघडलेली असते त्याची नोंद. जमीन तिथेच, बांध तिथेच, सातबाऱ्यावर मात्र नाव भलतंच, अशातली गत. ही नोंदवही मुळात लागलीच का, हे समजलं की निम्मी दुरुस्ती झाली. त्यासाठी या घराण्यात थोडं मागे जायला हवं.

मूळपुरुष डग्लस मॅकिलरॉय, बेल लॅब्जचे. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीत गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीने सॉफ्टवेअरवर परिषद भरवली होती. तिथे त्यांनी मांडलं, की प्रत्येक प्रोग्रामरने सगळं स्वतः लिहीत बसणं हा कुटिरोद्योग झाला. सुटे भाग कारखान्यात बनावेत, कॅटलॉगमध्ये छापावेत, ज्याला हवा त्याने हवा तो उचलावा. उदाहरण त्यांनी साइन काढणाऱ्या रूटीनचं घेतलं: अचूकता किती हवी, वेग किती हवा, त्याप्रमाणे वेगवेगळे नग. सॉफ्टवेअरच्या दुनियेत ‘कम्पोनन्ट’ हा शब्द या भाषणाने रुजवला. नग बाजारात आले की कुठला नग कुणाचा हे टिपून ठेवायला कुणीतरी लागणार. त्या तलाठ्याची अडचण पुढच्यांनी भोगली.

बाजार प्रत्यक्ष भरला तो बावीस-तेवीस वर्षांनी. ॲलन कूपर यांनी खिडक्या आणि बटणं ओढून मांडण्याचं एक साधन बनवलं होतं. ते १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं, त्याला ‘रूबी’ असं सांकेतिक नाव पडलं, पुढे त्याची बेसिकशी सोयरीक झाली आणि मे १९९१ मध्ये अटलांटात व्हिज्युअल बेसिक जाहीर झालं. त्याच्या साधनपेटीत बाहेरच्याने बनवलेला भाग बसवता येई. अशा भागाला व्हीबीएक्स म्हणत. ग्रिड, आलेख, कॅलेंडर, जे हवं ते विकत मिळू लागलं. मॅकिलरॉय यांचा कॅटलॉग खरोखरच छापला गेला.

पण व्हीबीएक्सची ओळख होती फाइलच्या नावावर. दोन प्रोग्राम एकाच नावाची फाइल विंडोजच्या एकाच फोल्डरात टाकत. नंतर आलेल्याने जुनी आवृत्ती आणली की आधीच्याचं दिवाळं. या भानगडीला पुढे ‘डीएलएल हेल’ असं नाव मिळालं. नरक हा शब्द मला तरी अतिशयोक्त वाटत नाही.

नावं एकसारखी निघतात, तर नावच नको, क्रमांक द्या, हे १९९३ च्या ओएलई २ चं आणि त्याच्या पायाशी असलेल्या कॉमचं उत्तर. क्रमांक १२८ बिटांचा, लिहायला ३२ आकडे-अक्षरं. जगात कुणाशी विचारविनिमय न करता कुणीही बनवावा आणि तरी तो दुसऱ्याशी जुळू नये, अशी त्याची रचना. ही युक्ती मायक्रोसॉफ्टची नव्हे. अमेरिकेतल्या अपोलो कम्प्युटर या कंपनीच्या नेटवर्कच्या कामातून ती आली. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या घटकांपैकी कित्येकांच्या क्रमांकाची शेपटी एकच असते: सी, तीन शून्यं, पुढे दहा शून्यं आणि ४६. कॉमचा आद्य इंटरफेस ‘आय-अननोन’ याच शेपटीचा. ॲक्सेसच्या डेटाबेस इंजिनाशी बोलणाऱ्या जुन्या डीएओ लायब्ररीची शेपटीही हीच. आडनावच म्हणा ना.

आता क्रमांक पाठ कोण करणार? म्हणून रजिस्ट्री. कोडमध्ये आपण ‘क्रिएटऑब्जेक्ट’ म्हणून ‘एक्सेल.ॲप्लिकेशन’ असं माणसाच्या तोंडात बसणारं नाव देतो. विंडोज रजिस्ट्रीत त्या नावापुढचा क्रमांक शोधते, क्रमांकाखाली फाइलचा पत्ता शोधते, पत्त्यावर जाऊन फाइल उघडते आणि तिच्याकडे ऑब्जेक्ट मागते. यातली कुठलीही कडी तुटली की बाहेर बहुधा ४२९ च येतो. नाव नोंदलेलं नाही, क्रमांक चुकला, पत्त्यावर फाइल नाही: बहुतेकांना एकच आकडा.

आकडा तोच राहिला, अंगरखा मात्र बदलला. १९९५ च्या सुमाराला याच ४२९ ची ओळ ‘ओएलई ऑटोमेशन सर्व्हर’ला दोष देई. १९९६ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टला इंटरनेटची घाई झाली, जुन्या ओएलईच्या बऱ्याच भागाला ‘ॲक्टिव्ह-एक्स’ असं नवं नाव मिळालं आणि एररच्या ओळीतही ते शिरलं. ॲक्टिव्ह-एक्स म्हणजे ब्राउझरमधलं काहीतरी, असं वाटून ब्राउझरची सेटिंग्ज उलटीपालटी करणारे म्हणूनच भेटतात. (वेबसाइट देतात तो ‘फार विनंत्या झाल्या’वाला ४२९ निराळा. नावाचा सारखेपणा, नातं काही नाही.)

रजिस्ट्रीच्या नोंदवहीतली फेरफार नोंद करणारं हत्यार म्हणजे रेगएसव्हीआर३२. ते कम्पोनन्टच्या फाइललाच सांगतं, बाई, तुझी नोंद तूच कर. एप्रिल २०१२ मध्ये एमएसकॉमसीटीएल नावाच्या ओसीएक्सवर, म्हणजे व्हीबीएक्सच्या वारसावर, सुरक्षेचा अपडेट आला आणि ट्री-व्ह्यू, लिस्ट-व्ह्यू वापरणारे ॲक्सेसचे फॉर्म ठिकठिकाणी बंद पडले. पुष्कळ ठिकाणी औषध लागू पडलं ते एवढंच: याच हत्याराने नोंद काढायची आणि पुन्हा घालायची. फाइलला हातही लावायचा नाही.

६४ बिटी विंडोजवर ही हत्यारं दोन आहेत, आणि इथे भल्याभल्यांची फसगत होते. ‘सिस्टिम३२’ फोल्डरात ६४ बिटी माल आहे, ‘सिसवॉव६४’मध्ये ३२ बिटी. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून पहिल्याचं नाव तसंच ठेवलं, हे कारण कळतं. पण पाट्या अदलाबदल झालेल्या गल्लीत पत्ता विचारावा तसं होतं. नोंदवह्याही दोन. ३२ बिटी ॲक्सेस ६४ बिटी वही वाचत नाही.

ॲक्सेसमध्ये याच दुखण्याचं आणखी एक रूप आहे, आणि ते जास्त कावेबाज. व्हीबीएच्या ‘टूल्स’मधल्या ‘रेफरन्सेस’ यादीत एखाद्या लायब्ररीपुढे ‘मिसिंग’ असं पडतं आणि बंद पडतात ‘डेट’, ‘लेफ्ट’ अशी गरीब फंक्शनं, ज्यांचा त्या लायब्ररीशी सुतराम संबंध नाही. व्हीबीए नावाचा शोध घेताना तुटलेल्या रेफरन्सवर अडखळतं आणि दोष शेजाऱ्यावर जातो. म्हणून जाणती माणसं कोडकडे न बघता आधी ही यादी उघडतात. मिसिंगवरची खूण काढायची, जुळणारी आवृत्ती असली तर तिच्यावर करायची, ‘डीबग’मधून कम्पाइल.

कॉमच्या त्या १२८ बिटी क्रमांकाचा करार असा, की एकदा बाहेर पडलेला इंटरफेस बदलायचा नाही. तो करार खुद्द घरातच मोडला. फेब्रुवारी २०११ मधल्या विंडोज ७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने एडीओ या डेटाशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या काही इंटरफेसचे क्रमांक बदलले. त्या मशीनवर कम्पाइल केलेला प्रोग्राम जुन्या विंडोजवर नेला, की ४२९ चा पाठचा भाऊ ४३० हजर. एडीओची जुनी टाइप-लायब्ररी नंतर वेगळी उपलब्ध करून द्यावी लागली.

कूळ या शब्दाचा आपल्याकडे दुसराही अर्थ आहे: दुसऱ्याची जमीन कसणारा. एमएसकॅल हे कॅलेंडरचं ओसीएक्स असंच ॲक्सेसच्या फॉर्मांवर वर्षानुवर्षं राहिलं. २०१० च्या आवृत्तीत त्याला बेदखल केलं; २००७ पासून ॲक्सेसला स्वतःचं तारीख निवडायचं साधन होतंच. लोकांनी जुन्या मशीनवरून ती फाइल आणली, ॲडमिनिस्ट्रेटर होऊन नोंद घातली आणि ३२ बिटी ॲक्सेसवर ती चालली. ६४ बिटी ॲक्सेसवर चालत नाही. त्या फाइलचा ६४ बिटी अवतार निघालाच नाही. तिथे फॉर्म उघडला की कॅलेंडरच्या जागी रिकामा चौकोन दिसतो, आणि निरोप येतो की या कंट्रोलमध्ये ऑब्जेक्टच नाही.