बारा शेजाऱ्यांचा निकाल

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. कापसाची शेते, लाल माती आणि रविवारी भरून जाणारी प्रार्थनामंदिरे ही त्याची जुनी ओळख. त्या राज्यातील मन्रोव्हिल या लहानशा गावी २८ एप्रिल १९२६ रोजी हार्पर ली या लेखिकेचा जन्म झाला. त्यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक लाभले आणि १९६२ साली तिच्यावर निघालेल्या चित्रपटातील वकिलाच्या भूमिकेसाठी ग्रेगरी पेक यांना ऑस्कर मिळाले. आपल्याकडेही इंग्रजी वाचणाऱ्या मुलामुलींच्या हाती हे पुस्तक येते. एक गोड बालकथा म्हणून ते वाचून बाजूला ठेवू नये, असे आम्हांला वाटते. त्याच्या मागे अलाबामाच्या न्यायालयांचा खरा इतिहास उभा आहे आणि त्या इतिहासात ख्रिस्तसभेचीही काही पाने आहेत.

कथा थोडक्यात अशी. काळ १९३३ ते १९३५ चा, महामंदीचा. मेकॉम्ब या कल्पित गावात ॲटिकस फिंच हे विधुर वकील आपल्या दोन मुलांसह राहतात. मोठा जेम आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेली स्काउट. कथा सांगते ती स्काउट. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो आणि न्यायाधीश त्याचे वकीलपत्र ॲटिकसकडे सोपवितात. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस मार लागलेला असतो, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. खुद्द मुलीचा बाप मात्र डावखुरा आहे. सत्य सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडे पडते, तरीही ज्यूरी टॉमला दोषी ठरविते. पुढे तुरुंगातून पळू पाहताना त्याला गोळ्या घातल्या जातात.

मुलांचे बालपण संपते ते या निकालाच्या क्षणी. गावात दुष्ट माणसे असतात, हे मुलांना ठाऊकच असते. पण टॉमला दोषी म्हणणारे बारा जण दरोडेखोर नव्हते. ते परिसरातील शेतकरी होते, कष्टाळू आणि देवभीरू. ज्यांना आपण रस्त्यात नमस्कार करतो, तीच माणसे एका निरपराध्याचा जीव घेऊ शकतात, हे कळल्यावर जेम रडतो. कादंबरीतील मोठे होणे म्हणजे हे कळणे. खटल्याच्या आदल्या रात्री तुरुंगाच्या दारी टॉमला ठार मारण्यासाठी जमाव जमतो, तेव्हा त्यातील एकाला स्काउट ओळखते. ती त्याच्या मुलाची चौकशी करते आणि तो माणूस शरमून सर्वांना मागे नेतो. हा प्रसंग कल्पित असला तरी अशा जमावाची भीती कल्पित नव्हती. १८७७ ते १९५० या काळात जमावांनी ठार केलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची नोंद आज झालेली आहे. अलाबामाच्या राजधानीत, माँटगोमरी येथे, २०१८ साली त्यांचे स्मारक उभे राहिले.

ज्यूरी ही पद्धत नव्या पिढीला परकी वाटेल. आरोपी दोषी की निर्दोष, हे न्यायाधीशाने न ठरविता समाजातून निवडलेल्या सामान्य नागरिकांनी ठरवावे, असा तिचा गाभा. आपल्याकडेही ती होती. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे जन्मठेप झाली. पुढे ही पद्धत आपल्या देशातून हद्दपार झाली. आरोपीला त्याच्या शेजाऱ्यांकडून न्याय मिळावा, हा तिच्यामागील हेतू उदात्त होता. पण अलाबामात शेजारी कोणाला म्हणायचे, हे आधीच ठरून गेले होते. १९०१ च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर आणि साक्षरतेच्या अटी घालून बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला होता. ज्यूरीच्या यादीतही त्यांची नावे नसत. स्त्रियांना तर तेथे १९६६ पर्यंत ज्यूरीत बसता येत नव्हते.

ही कादंबरी ज्या काळात घडते, त्या काळात अलाबामातील एका खऱ्या खटल्याने जग हादरले होते. २५ मार्च १९३१ रोजी मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना पेंट रॉक येथे उतरवून अटक झाली. त्यातील धाकटे दोघे जेमतेम बारा-तेरा वर्षांचे होते. त्याच गाडीतील दोन गोऱ्या तरुणींनी त्यांच्यावर बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो गावी ६ एप्रिलला खटले सुरू झाले आणि चार दिवसांत आठ जणांना मृत्युदंड ठोठावण्यात आला. बचावाची तयारी करण्यास वकिलांना वेळच मिळाला नव्हता. १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. देहान्ताचा आरोप असलेल्या असहाय माणसाला खऱ्या अर्थाने वकील मिळालाच पाहिजे, असे तत्त्व त्या निकालाने घालून दिले.

फेरखटला १९३३ साली डेकेटर येथे झाला. दोघींपैकी रूबी बेट्स या तरुणीने न्यायालयात येऊन सांगितले की, बलात्कार झालाच नव्हता. ज्यूरीने तरीही मृत्युदंडच दिला. तेव्हा न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुरावा तपासून ज्यूरीचा निकाल बाजूला सारला आणि नव्या खटल्याचा आदेश दिला. १९३४ च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना घरी बसविले. ते पुन्हा कधी न्यायाधीश झाले नाहीत. बचावाचे वकील सॅम्युएल लायबोविट्झ यांनी प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात नेले. ज्यूरीच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावे मागाहून घुसडली आहेत, हे दाखविण्यासाठी त्यांनी मूळ वहीच न्यायमूर्तींसमोर ठेवली आणि न्यायमूर्तींनी ती नावे भिंगातून पाहिली. १९३५ साली निकाल लागला: वर्णामुळे ज्यूरीतून वगळणे घटनाबाह्य आहे. १९३७ मध्ये चौघांवरील आरोप मागे घेण्यात आले. बाकीच्यांची अनेक वर्षे तुरुंगात गेली. अखेरच्या तिघांना अलाबामाने क्षमा केली ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी.

मन्रोव्हिलही यातून सुटले नव्हते. लेखिकेचे वडील ए. सी. ली हे वकील आणि स्थानिक वृत्तपत्राचे संपादक. १९१९ साली खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांचा बचाव त्यांनी केला. दोघेही फासावर गेले. त्यानंतर ली यांनी फौजदारी खटला कधीच घेतला नाही. १९३४ साली त्याच गावात वॉल्टर लेट या कृष्णवर्णीयास गोऱ्या स्त्रीवरील बलात्काराच्या आरोपावरून मृत्युदंड झाला. त्याच्या अपराधाविषयी गावातील काही जणांनाच शंका होती. शिक्षा जन्मठेपेवर आली, पण १९३७ साली क्षयाने त्याचा अंत झाला. तेव्हा हार्पर ली अकरा वर्षांच्या होत्या.

आता ख्रिस्तसभेच्या पानांकडे वळू. अलाबामात कॅथलिक अल्पसंख्य होते आणि संशयाचे धनीही. ११ ऑगस्ट १९२१ रोजी बर्मिंगहॅम शहरात सेंट पॉल चर्चच्या धर्मगुरूनिवासाच्या ओसरीवर फादर जेम्स कॉइल यांना गोळी घालून ठार करण्यात आले. मारणारा एक मेथडिस्ट पाळक होता. त्याच्या मुलीचे एका प्वेर्तो रिकन कॅथलिक कामगाराशी फादरांनी त्याच दिवशी लग्न लावले होते, हा त्यांचा अपराध. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेने आरोपीच्या बचावाचा खर्च उचलला. बचावाचे वकील ह्यूगो ब्लॅक यांनी त्या जावयाला न्यायालयात आणून त्याची कांती अधिक सावळी दिसावी म्हणून प्रकाश मंद करविला. धर्मगुरूच्या खुनाचा खटला जावयाच्या कातडीच्या रंगावर येऊन ठेपला आणि ज्यूरीने आरोपीस निर्दोष सोडले. टॉम रॉबिन्सनला दोषी आणि फादर कॉइल यांच्या मारेकऱ्याला निर्दोष ठरविणारी वृत्ती एकच होती.

हेच ह्यूगो ब्लॅक १९२३ साली क्लॅनचे सभासद झाले, दोन वर्षांनी बाहेर पडले आणि १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९४० मध्ये फ्लॉरिडातील चार कृष्णवर्णीयांचे जबरदस्तीने घेतलेले कबुलीजबाब फेटाळून त्यांचा मृत्युदंड रद्द करणारा निकाल त्यांनीच लिहिला. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या एकमुखी निकालात ते सहभागी होते. १९६३ साली प्रत्येक निर्धन आरोपीला सरकारने वकील द्यावा, हा निकालही त्यांच्याच लेखणीतून उतरला. प्रौढ माणूसही मोठा होऊ शकतो, याची ही साक्ष आहे. मात्र फादर कॉइल यांच्या बाबतीत झालेला अन्याय त्यामुळे पुसला जात नाही.

ज्यांनी द्वेष सोसला, ते इतरांच्या बाजूने आपोआप उभे राहतात असे नाही. मोबिल येथील येशूसंघीयांच्या स्प्रिंग हिल महाविद्यालयाने १९५४ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडले, ही अभिमानाची गोष्ट. पण १२ एप्रिल १९६३ रोजी, शुभ शुक्रवारी, मार्टिन ल्यूथर किंग यांना बर्मिंगहॅममध्ये अटक झाली, तेव्हा शहरातील आठ धर्मनेत्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. निदर्शने अवेळी आहेत, धीर धरावा, असा त्याचा आशय होता. त्यावर सही करणाऱ्यांत कॅथलिक सहायक बिशप जोसेफ ड्युरिक हेही होते. किंग यांनी तुरुंगातून उत्तर लिहिले. त्यात स्प्रिंग हिलचा गौरव होता आणि न्यायापेक्षा शांततेला अधिक जपणाऱ्या भल्या माणसांविषयीची निराशाही होती. पाच महिन्यांनी, १५ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी, त्याच शहरातील एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मरण पावल्या. बिशप ड्युरिक पुढे टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचे बिशप झाले. तेथे ते वर्णसमतेचे निर्भय कैवारी बनले आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच लोकांचा रोष पत्करला.

कादंबरीतील एका प्रसंगाकडे आमच्या मते धर्मग्रामांतील वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. ॲटिकसच्या घरी मिशनकार्याला साहाय्य करणाऱ्या भगिनींचे चहापान चालले आहे. दूर आफ्रिकेतील एका जमातीच्या दैन्याने त्यांचे डोळे पाणावतात आणि त्याच बैठकीत आपापल्या घरी राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायांची तोंडे उतरलेली असतात, याबद्दल त्या कुरकुर करतात. लहान स्काउट बशी हाती घेऊन सारे ऐकत असते. दूरच्या दुःखावर दया करणे सोपे असते. स्वयंपाकघरातील दुःखाचे कारण विचारायचे झाल्यास आपल्यालाच उत्तर द्यावे लागते.

या कादंबरीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. सारी कथा गोऱ्या मुलीच्या नजरेतून येते. टॉम, त्याची बायको हेलन, घर सांभाळणारी कॅलपर्निया यांच्या अंतरंगात आपल्याला फारसा प्रवेश मिळत नाही. २०१५ साली ली यांची ‘गो सेट अ वॉचमन’ ही आधी लिहिलेली कादंबरी बाहेर आली. तीत वृद्ध ॲटिकस वर्णविभाजनाच्या बाजूने बसलेले आढळतात आणि प्रौढ झालेली त्यांची मुलगी हादरून जाते. अनेक वाचकांना याचा धक्का बसला. आम्हांला मात्र त्यात शिकण्यासारखे दिसते. एका थोर पुरुषाच्या पुतळ्यामागे आपली जबाबदारी लपविता येत नाही, हेही मोठे होण्याचाच भाग आहे.

आणि गोष्ट जुन्या काळापाशी संपत नाही. या कादंबरीचा अभिमान बाळगणाऱ्या मन्रोव्हिलमध्येच १९८६ साली एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीयास त्यासाठी पकडण्यात आले. घटनेच्या वेळी ते आपल्या घरी होते, असे अनेकांनी शपथेवर सांगितले. खटला गोऱ्यांची मोठी बहुसंख्या असलेल्या परगण्यात हलविण्यात आला. ज्यूरीने त्यांना दोषी ठरवून जन्मठेपेची शिफारस केली, ती डावलून न्यायाधीशाने मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने खोटी साक्ष उघडकीस आणली, तेव्हा १९९३ साली मॅकमिलियन यांची सुटका झाली. पुस्तकाचे कौतुक करणे आणि पुस्तकाने दाखविलेल्या मार्गाने चालणे, यांतील अंतर त्या गावाने जगाला दाखवून दिले.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. हे पुस्तक मुलांबरोबर वाचा आणि निकालाचे प्रकरण घाईने उलटू नका. ते बारा जण कोण होते, असे मूल विचारील. ते शेजारी होते, असे त्याला खरे सांगा. आपल्या देशात आता ज्यूरी उरलेली नाही. पण कोणाच्या मुलाला घरात घ्यावे, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, चोरी झाली की प्रथम कोणाकडे पाहावे, याचे निकाल ओटीवर आणि जेवणाच्या पानावर रोज लागत असतात. तेथे आपण ज्यूरीत बसलेले असतो आणि आपली मुले ऐकत असतात.