पडत्या काळातली फरशी

इतिहासाच्या पुस्तकात रोमन ब्रिटनचा शेवट एका सनावळीत उरकतो. इ. स. ४१०. फौजा आधीच गेलेल्या, सम्राटानेही हात वर केले, संपलं राज्य! परीक्षेत दोन मार्कांना ठीक आहे. पण मला नेहमी प्रश्न पडतो, ४११ साली तिथली माणसं काय करत होती?

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये चेडवर्थ गावाजवळ एक रोमन 'व्हिला' आहे. आपल्या भाषेत, शेतीवाडीवरचा श्रीमंत वाडा. न्हाणीघरं, जमिनीखालून गरम हवा खेळवलेल्या खोल्या आणि रंगीत दगडी तुकड्यांची नक्षी असलेल्या फरश्या, ज्यांना मोझेक म्हणतात. १८६४ मध्ये तो सापडला. १९२४ पासून तो नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. समज असा होता की चौथ्या शतकात वैभव, पाचव्यात सगळं ओसाड.

डिसेंबर २०२० मध्ये ट्रस्टने जाहीर केलं, की इथल्या २८ नंबरच्या खोलीतलं मोझेक पाचव्या शतकाच्या मध्याचं आहे. कसं कळलं? ही खोली करण्यासाठी जी भिंत घातली, तिच्या पायात हाडं आणि कोळसा मिळाला. कार्बन पद्धतीने त्यांचं वय काढलं, तर भिंत ४२४ च्या आधीची असूच शकत नाही. फरशी त्या भिंतीला धरून बसवलेली, म्हणजे ती त्यानंतरचीच. सोन्यानाण्याने नाही, चिमूटभर कोळशाने इतिहास बदलला बघा!

तोपर्यंत नवी नाणी येणं थांबलं होतं, मडक्यांचे मोठे कारखाने बंद पडले होते. अशा दिवसांत कोणीतरी घरात भिंत घातली, कारागीर बोलावला, वर्तुळांमध्ये फुलं आणि गाठींची नक्षी काढून घेतली. नक्षीत चुका आहेत. वाड्यातल्या जुन्या फरश्यांची सफाई हिला नाही. हात शिकवणारे उस्ताद कमी झाले असावेत, असं मला वाटतं.

मला त्या चुकाच जास्त आवडल्या. उद्या पळून जायचं असेल तर कोणी फरशी बसवत नाही. त्या घरमालकाला आपण एका युगाच्या शेवटी उभे आहोत हे ठाऊकच नसेल. किंवा ठाऊक असेल, आणि तरीही घर नीटनेटकं असावं असं वाटलं असेल. तुम्हाला काय वाटतं, मंडळी?