कट्यारीचा कोणता भाग कशासाठी?

जुन्या शस्त्रांवर काम करायचं ठरवलेल्यांच्या संशोधन आराखड्यात एक वाक्य हमखास येतं: ‘या शस्त्राचा प्रत्येक भाग प्रतीकात्मक आहे.’ वाक्य छान दिसतं, पण ते तपासायचं कसं? मी विज्ञान शाखेतून इतिहासाकडे आलो, त्यामुळे सवयीने एक साधी चाचणी लावतो. तो भाग काढून टाकला तर नेमकं काय बिघडेल? आज ही चाचणी आपण कट्यारीवर लावून बघू.

आधी वस्तू डोळ्यांसमोर आणा. साध्या खंजिराची मूठ पात्याच्या रेषेतच असते. कट्यारीची मूठ आडवी. दोन समांतर पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे येतात, त्यांना जोडणारे आडवे दांडे, बहुधा दोन. ते दांडे मुठीत धरले की पातं बोटांच्या पेरांपुढे सरळ उभं राहतं. म्हणजे वार ठोशासारखा करायचा, जोर खांद्यातून द्यायचा.

आता बाजूच्या पट्ट्या काढा. टोक कुठे अडलं की पातं मुठीतच वाकडं फिरेल आणि मनगट मुरगळेल. पट्ट्या हे फिरणं रोखतात. दोनऐवजी एकच दांडा ठेवा, तर तो घामेजल्या हातात गरगर फिरेल. टोकाचं तर फारच सुंदर आहे. अनेक कट्यारींचं पातं मध्ये तासून हलकं केलेलं असतं, पण टोक मात्र मुद्दाम जाड ठेवलेलं. कारण समोर साखळीचं चिलखत आहे. तिथे लहानशा जागेवर सगळा जोर द्यायचा आणि तरी टोक वाकू द्यायचं नाही, तर पोलाद तिथेच जास्त हवं. इथपर्यंत प्रतीक कुठेच लागलं नाही.

चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात फिरत होता. त्याने ‘कत्तारा’ नावाचं शस्त्र वर्णिलंय: नांगराच्या फाळासारखं लोखंड, त्यात हात घालायचा आणि ते कोपरापुढचा हात झाकतं. म्हणजे त्या वेळी शस्त्रातच हाताचं रक्षणही होतं. दक्षिणेत ही कल्पना फार देखणी झाली. तंजावरच्या शस्त्रागारातल्या कट्यारींना हाताच्या पाठीवर वळलेलं, शिडासारखं फुगलेलं पोलादी आवरण आहे, त्यावर जाळीकाम, कडेला याळीसारखे काल्पनिक प्राणी. हे आवरण काढलं तर बोटं उघडी पडतील. जाळी काढून नुसता पत्रा ठेवला तर रक्षण होईल, पण वजन वाढेल आणि राजाच्या शस्त्रागाराची शान जाईल. एकाच जाळीत दोन्ही कामं आहेत. ‘व्यावहारिक’ आणि ‘प्रतीकात्मक’ असे दोन रकाने आखून बसलेल्यांची इथे पंचाईत होते.

तंजावर आपल्याला परकं नाही. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे तिथे गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत ते भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा झाल्यावर शस्त्रागार फुटलं. बरंच भंगारात गेलं, काही चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात राहिलं, काही थेट न्यूयॉर्कला पोचलं. दक्षिणेतल्या कितीतरी कट्यारींचं पातं मुळात युरोपातून आलेल्या फिरंगी तलवारीचं असतं, मुठीपुढच्या दोन जिभांमध्ये धरून रिव्हेट मारलेलं. फिरंगी पात्याची किंमत होती, म्हणून त्याचा तुकडाही वाया जात नसे.

पुढे आवरण गळत गेलं. चाचणीप्रमाणे हे नुकसान. मग का गळालं? मला वाटतं, मैदान बदललं म्हणून. मुघल चित्रं बघा: कट्यार शेल्यात पुढे खोचलेली, पातं म्यानात, आणि वर दिसते ती फक्त मूठ. सोन्याची कोफ्तगिरी म्हणूनच मुठीच्या पट्ट्यांवर येते, दरबाराला दिसेल अशा जागी. ती घासून काढा, वारात काही फरक पडणार नाही, पण दरबारात माणूस एक पायरी खाली उतरेल. म्हणून माझ्या चाचणीत मी दुसरा प्रश्न जोडला: बिघडेल, पण कुठे? रणात की दरबारात?

नावांपासून मात्र सांभाळा. ‘जमधर’, ‘जमदाड’ म्हणजे यमाची दाढ. जी. एन. पंत यांचं म्हणणं असं, की आज आपण जिला कट्यार म्हणतो तीच ‘आईन-ए-अकबरी’तली जमधर, आणि १८८० च्या एगर्टनच्या ग्रंथाने नावांची अदलाबदल करून ठेवली. आता सभासद बखर उघडा. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अफझलखान मिठीत धरून कुशीत जमदाड चालवतो आणि ती महाराजांच्या ‘जरीच्या कुडती’वर खरखरते. आम्हा सोलापूरकरांना जरी म्हटलं की पैठणीचा काठ आठवतो. पण नुसत्या सोनेरी धाग्यावर पोलाद खरखरेल? ‘जिरह’ म्हणजे साखळीचं चिलखत, हा अर्थ इथे जास्त बसतो.

पंतांची मांडणी धरली, तर चिलखत फोडण्यासाठीच घडवलेलं हे शस्त्र होतं. मग ते का चाललं नाही? माझा तर्क मुठीवरून आहे: या शस्त्राला हात मागे घेऊन सरळ ढकलायला जागा लागते. मिठीत ती नसते. टोक कडीत न रुतता घसरतं. यमाची दाढ हे नाव तिथे काही कामाचं नाही.

सगळीच शस्त्रं या चाचणीत कट्यारीसारखी वागत नाहीत. जावाच्या क्रिसला नागमोडी पातं असतं, वळणांची संख्या नेहमी विषम. पण सरळ पात्याचे क्रिसही भरपूर आहेत, म्हणजे वळणं काढली तरी शस्त्र शस्त्र राहतं. तिथे अर्थाचा भार पात्यावर आहे, आपल्याकडे मुठीवर.

आणि पात्याचं टोक? आपल्याकडच्या लग्नात बघा. हळदीपासून नवरदेवाच्या हातात कट्यार असते, आणि चिलखतासाठी जाड ठेवलेल्या त्याच टोकावर लिंबू खोचलेलं असतं. तिथे चाचणी उलटी चालते. लिंबू काढून बघा, घरातल्या आजी लगेच ओरडतील.

संग्रहालयात गेलात, हैदराबादचं सालारजंग आपल्याला जवळ आहे, तर कट्यारीचा फोटो समोरून काढून परत येऊ नका. काचेच्या बाजूला जा, डोळा पात्याच्या कडेला आणा आणि टोकाची जाडी बघा. समोरून काढलेल्या फोटोत ती कधीच येत नाही.