प्रश्नयंत्राचा इतिहास आणि उत्तराचे मोल

आंतरजालावरील प्रश्नमंजूषा हा सामान्यतः विरंगुळ्याचा विषय समजला जातो. देशोदेशींच्या राजधान्या आठवणे, रस्त्याच्या छायाचित्रावरून स्थळ ओळखणे, मनात धरलेली व्यक्ती यंत्राकडून ओळखवून घेणे, आपल्या स्वभावाचा प्रकार जाणून घेणे, असे तिचे अनेक प्रकार आहेत. वरवर पाहता हे सर्व प्रकार एकाच जातीचे वाटतात. तथापि, दिलेल्या उत्तराचे पुढे काय होते, हा एकच प्रश्न विचारला असता त्यांच्यातील मूलभूत भेद स्पष्ट होतो. उत्तर तपासून विसरणारे यंत्र, ते खेळासाठी साठविणारे यंत्र आणि ते खेळाबाहेर नेणारे यंत्र, असे तीन टप्पे या इतिहासात दिसतात. या टप्प्यांचा परामर्श घेऊन उत्तरदात्याचे स्थान कसकसे पालटत गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. परीक्षक यंत्र

यंत्राने प्रश्न विचारावा व उत्तराचा निवाडाही त्यानेच करावा, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२४ साली अमेरिकन मानसशास्त्रीय परिषदेच्या अधिवेशनात असे एक यंत्र मांडले. त्यातील खिडकीत बहुपर्यायी प्रश्न दिसे आणि चार कळांपैकी एक दाबून उत्तर द्यावयाचे असे. परीक्षेसाठी योजल्यास यंत्र बरोबर उत्तरांची संख्या मोजी. अध्यापनासाठी योजल्यास योग्य कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येत नसे. बरोबर उत्तरांची ठराविक संख्या पूर्ण होताच गोळी बाहेर टाकणारी एक जोडणीही प्रेसी यांनी केली होती. अभ्यास आणि करमणूक यांची सांगड प्रश्नयंत्राच्या बाल्यावस्थेतच घातली गेली होती, असे यावरून म्हणता येते.

बी. एफ. स्किनर यांनी १९५४ पासून या विचाराला नवी दिशा दिली. तयार पर्यायांतून निवड करण्यापेक्षा विद्यार्थ्याने उत्तर स्वतः रचावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या नेतृत्वाखाली ‘प्लेटो’ ही योजना इलियाक संगणकावर सुरू झाली. १९७२ साली आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीत पडद्याला बोटाने स्पर्श करून उत्तर देण्याची सोय होती. याच व्यवस्थेवर विद्यार्थ्यांनी खेळ, चर्चेच्या वह्या आणि परस्परसंभाषण यांचा विस्तार केला. आंतरजालावरील क्रीडास्थळांची बहुतेक लक्षणे तेथे बीजरूपाने आढळतात.

या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान होती. प्रश्नाचे योग्य उत्तर विचारणाऱ्यास आधीच ठाऊक असे. विद्यार्थ्याच्या उत्तरातून जगाविषयी नवे काही कळत नसे. फार तर त्याची तयारी किती आहे, एवढेच कळे.

२. शिकणारे यंत्र

दुसऱ्या टप्प्याचे सुबोध उदाहरण म्हणजे ‘अ‍ॅनिमल’ हा लहानसा खेळ. डेव्हिड आल यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या बेसिक भाषेतील खेळांच्या संग्रहात तो समाविष्ट होता. खेळणाऱ्याने मनात एक प्राणी धरावयाचा आणि यंत्राने ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे प्रश्न विचारीत तो ओळखावयाचा. तर्क चुकल्यास यंत्र खऱ्या प्राण्याचे नाव विचारी, आणि तो प्राणी व आपण सुचविलेला प्राणी यांतील भेद दाखविणारा एक प्रश्नही मागून घेई. पुढील डावात तो प्रश्न यंत्राचा स्वतःचा होई. दोनच पर्यायांच्या वीस प्रश्नांनी तत्त्वतः १०,४८,५७६ वस्तू वेगळ्या ओळखता येतात. म्हणून थोड्या साठ्यावरही असे यंत्र चतुर भासते. रॉबिन बर्गनर यांचा १९८८ मधील ‘२०क्यू’ आणि २००७ मधील फ्रेंच ‘अकिनेटर’ हे याच कुळातील खेळ होत.

येथे संबंध उलटला. यंत्राचे ज्ञान खेळणाऱ्यांच्या उत्तरांतून वाढू लागले आणि उत्तर हे श्रमाचे फळ ठरले. या श्रमाचा प्रकट व सार्वजनिक उपयोगही झाला. जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलक्सी झू’ या संकेतस्थळावर सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रे सामान्य लोकांसमोर वर्गीकरणासाठी ठेवण्यात आली. त्याच वर्षी एका डच शिक्षिकेस त्यांत एक अपरिचित खगोलीय वस्तू आढळली. अशा उपक्रमांत उत्तर कशासाठी घेतले जात आहे, हे उत्तरदात्यास ठाऊक असते, ही त्यांची नैतिक बाजू ध्यानात घेण्याजोगी आहे.

३. स्वभावपरीक्षा आणि संग्राहक यंत्र

स्वभावपरीक्षेची परंपरा याहून निराळी आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील भरतीसाठी रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांची एक प्रश्नावली सिद्ध केली. युद्धाच्या आघाताने मन ढळण्याचा संभव असलेल्यांना आधीच वेगळे काढावे, हा तिचा उद्देश होता. परंतु ती वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले. ज्ञानपरीक्षेत बरोबर उत्तर विचारणाऱ्यापाशी असते, तर स्वभावपरीक्षेत ते केवळ उत्तरदात्यापाशी असते. म्हणून स्वभावपरीक्षा बाह्यतः खेळासारखी असली, तरी तिच्यात माहितीचा ओघ सर्वस्वी एका दिशेने वाहतो. यंत्रापुढे माणूस किती सहज मन मोकळे करतो, याचा प्रत्यय जोसेफ वायझेनबाउम यांना १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलायझा’ या संभाषण-कार्यक्रमाच्या वेळीच आला होता.

प्रारंभीची संकेतस्थळे मुख्यतः वाचण्यासाठी होती. १९९३ च्या सुमारास पृष्ठावर भरावयाचे तक्ते आले व वाचकाचे उत्तर दूरच्या संगणकाकडे जाऊ लागले. मे २००७ मध्ये फेसबुकने आपली व्यवस्था बाहेरच्या कार्यक्रमकर्त्यांना खुली केली आणि त्याच वर्षी डेव्हिड स्टिलवेल यांची ‘मायपर्सनॅलिटी’ ही स्वभावपरीक्षा तेथे सुरू झाली. त्या परीक्षेतून जमलेल्या माहितीच्या आधारे २०१३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी फेसबुकवर नोंदविलेल्या पसंतींवरून त्यांचे राजकीय मत, धर्म व स्वभाव यांचा अंदाज बांधता येतो, असे त्यात दाखविले होते.

यानंतरचे प्रकरण सर्वश्रुत आहे. परंतु त्याविषयीचा एक लोकप्रिय समज तपासून घेणे अवश्य आहे. अलेक्झांडर कोगन यांच्या कार्यक्रमामार्फत गोळा झालेली माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या संस्थेकडे गेली, हे मार्च २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले. निव्वळ गमतीच्या प्रश्नमंजूषेने लोक फसले, असे तेव्हापासून सांगितले जाते. वस्तुतः त्या प्रश्नावलीच्या उत्तरदात्यांपैकी बहुतेकांना अल्प मोबदला देऊन गोळा करण्यात आले होते. खरा अनर्थ घडला तो निराळ्या कारणाने. तत्कालीन नियमांनुसार उत्तरदात्याच्या संमतीने त्याच्या मित्रांचीही माहिती घेता येत असे. त्यामुळे सुमारे ३ लाख वापरकर्त्यांच्या द्वारे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेल्याचा अंदाज फेसबुकने प्रसिद्ध केला. भारतात तो कार्यक्रम केवळ ३३५ जणांनी घेतला होता. बाधितांची संभाव्य संख्या मात्र ५,६२,४५५ होती. ज्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही, असे लोक येथे उत्तरपत्रिकेत आले. या माहितीने निवडणुकांचे निकाल फिरले, असा दावा सिद्ध झालेला नाही. परंतु संमतीचा भंग त्याने सौम्य ठरत नाही.

४. कायद्याची दृष्टी

प्रश्नमंजूषेतून लोकांची हानी होऊ शकते, हा विचार भारतीय कायद्यास अपरिचित नव्हता. शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांवर मुंबई राज्याने १९४८ साली व केंद्राने १९५५ साली निर्बंध घातले. केंद्रीय कायद्याने महिन्याच्या बक्षिसांची मर्यादा १,००० रुपये ठरविली. बंगलोरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातील कोड्यांची स्पर्धा मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर चाले. तिच्यासंबंधीच्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली कौशल्य व नशीब यांतील भेद हीच कसोटी मानली. मात्र या सर्व विचारात उत्तरदात्याची हानी म्हणजे त्याची प्रवेशफी, असे गृहीत होते. फी नसलेली व बक्षीसही नसलेली प्रश्नमंजूषा त्या कसोटीस निरुपद्रवी ठरते. उत्तर हेच मूल्यवान होऊ शकते, ही कल्पना त्या विचारचौकटीत नव्हती. २०१७ साली खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि २०२३ साली वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात विशिष्ट हेतूपुरती संमती हे तत्त्व आले, आणि कायद्याचे लक्ष फीकडून उत्तराकडे वळले.

उत्तर साठविल्याखेरीज प्रश्नमंजूषा चालतच नाही, असा युक्तिवाद येथे संभवतो. त्याचे खंडन इतिहासच करतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांसाठी खुला झालेला जॉश वार्डल यांचा ‘वर्डल’ हा शब्दखेळ मूळ रूपात सगळी शब्दयादी पृष्ठासोबतच पाठवीत असे. निवाडा खेळणाऱ्याच्याच यंत्रावर होई आणि त्याच्या यशापयशाची नोंदही तेथेच राही. तरीही तो थोड्याच महिन्यांत जगभर पसरला. तात्पर्य, संग्रह हा प्रश्नयंत्राचा स्वभावधर्म नसून रचनाकाराने केलेली निवड आहे. प्रेसी यांच्या पेटीसमोर बसलेल्या विद्यार्थ्यास आपला परीक्षक कोण, हे ठाऊक होते. तेवढे ज्ञान आजच्या उत्तरदात्यास मिळते की नाही, यावरच प्रत्येक प्रश्नमंजूषेचे मूल्यमापन झाले पाहिजे.